उजव्या कानाची खूण

“आधी कान कुठं आहे ते बघा, मशीन मग घ्या.”

चामराजपेटेतले कृष्णाजी शिंपी हे वाक्य दिवसातून दहा वेळा तरी म्हणायचे. त्यांच्या घराण्यानं पिढ्यानपिढ्या झबली-परकर शिवले. कृष्णाजी मोटारसायकलींच्या सीटकव्हरांकडे वळले आणि पुढं हेल्मेटच्या अस्तरांत रमले. जुनं, घामेजलेलं अस्तर उसवायचं, नवं कापड, नवा फोम घालून शिवायचं. इतक्या डोक्यांची मापं हातांत बसली होती, पण स्वतः त्यांनी कधी मोटारसायकल चालवली नव्हती. हेल्मेटमधून बोलायचे इंटरकॉम आले तेव्हा साठीतला हा माणूस लहान मुलासारखा हरखला. वायर नाही, दोरा नाही, आणि एकाच्या तोंडातलं दुसऱ्याच्या कानात! ते बसवून घ्यायला जो येई त्याला ते तासभर प्रश्न विचारत.

एका शनिवारी दुपारी पवित्रा आली. मूळची अथणीकडची, आता राजाजीनगरात राहणारी, एका कंपनीत नोकरी करणारी. तिनं टेबलावर आपलं हेल्मेट ठेवलं आणि शेजारी तीन इंटरकॉम मांडले. तिन्ही ऑफिसातल्या मैत्रिणींकडून बघायला आणलेले, पसंत पडेल तो ठेवून घ्यायचा.

“काका, यातला सगळ्यात मोठा आवाज कुठल्याचा?”

“आवाजाचं मागनं बघू, अक्का. आधी कान कुठं आहे ते बघू. घाई आहे काय?”

घाई होती. दर रविवारी आठ-दहा बायकांची टोळी मोटारसायकलींवरून लांब जायची. पुढं सिद्धी, पुण्याची, बोलण्यात फटकळ. मागच्या खेपेला तिनं इंटरकॉमवर दोनदा सांगितलं, पुढं रस्ता खणलाय, डावीकडनं वळा. पवित्रा सरळ गेली. खड्ड्याच्या काठावर गाडी कशीबशी थांबली. सिद्धी म्हणाली, “नवीन सेट घे, नाहीतर काहीही कर. पुढच्या रविवारी रिप्लाय आला नाही तर तू ग्रुपमध्ये नाहीस. मला कोणाच्या आईला फोन करायचा नाहीये.”

पवित्राचा सगळा आठवडा त्या एका रविवारासाठी जायचा.

कृष्णाजींनी हेल्मेट उलटं करून आतून बोट फिरवलं. उजवीकडचा फोम दबून पापडासारखा झालेला, डावीकडचा तसाच फुगीर. हेल्मेट तिला घालायला लावलं, शर्टाची दोन सुटी बटणं चिमटीत धरली आणि हात आत सरकवला. ही त्यांची रीत. आत बटणं एकमेकांवर आपटायची. जिथं आवाज सगळ्यात स्वच्छ येतो असं गिऱ्हाईक सांगेल, तिथं खडूची खूण. स्पीकर तिथंच बसायचा.

“टिक आला की सांगा.”

उजवीकडं ती लगेच म्हणाली, “नाही… अजून खाली… हां, इथं.”

मग डावीकडं. पवित्रा थोडं थांबली, अंदाज घेतला आणि म्हणाली, “इथंच.”

कृष्णाजींनी हात बाहेर काढून तिच्यापुढं धरला. रिकामा. बटणं टेबलावर पडली होती.

पवित्रानं हेल्मेट काढलं. पट्टा बोटाला गुंडाळत ती म्हणाली,

“गालगुंड झालं होतं. सात वर्षांची होते. तेव्हापासून हा डावा कान बंद. घरी ठाऊक आहे, इथं कोणाला नाही.”

“म्हणून उजवीकडंच हेल्मेट दाबून ऐकता. सांगितलं का नाही?”

“सांगितलं तर गाडीच नको म्हणतील.”

“मी कशाला बोलू? माझं काम अस्तराचं,” कृष्णाजी म्हणाले आणि तिन्ही इंटरकॉम पुढ्यात ओढून घेतले. आता त्यांच्या डोळ्यांत वेगळीच चमक आली. महागड्याचा स्पीकर बोटानं दाबला. “हा पुरीएवढा जाड. तासाभरात कान चेपतो.” दुसऱ्याची वायर खडूच्या खुणेपर्यंत पोचेना. “तुमचा कान स्वल्प खाली आहे, अक्का. दुकानातला डोळ्याच्या अंदाजानं लावतो. दोन कानांचा माणूस तेवढ्यात भागवतो. तुम्हाला दोन बोटांची चूक परवडत नाही.” तिसरा साधा, पातळ स्पीकरचा, लांब वायरीचा. “सरी, बरोबर. हाच.”

उजवीकडचा फोम त्यांनी वाटीसारखा कोरला, स्पीकर बसवला, वर पातळ कापड टाचलं. तोवर सिद्धी आली. उद्या निघण्याआधी सेट तिला स्वतः तपासायचा होता.

“घरात बसून तपासायचं नसतं,” कृष्णाजी म्हणाले. दोन्ही सेट त्यांनी तिच्याकडूनच जोडून घेतले. मग तिचं हेल्मेट मागून घेतलं, गळ्यातल्या टेपसकट डोक्यावर चढवलं आणि पायीच निघाले.

पवित्रानं आपलं हेल्मेट घातलं. काच बंद. रिक्षांचे हॉर्न दूर गेले आणि कानात कृष्णाजी आले, अगदी शेजारी बसल्यासारखे.

“फुलवाली अनुसूयाक्का हसतेय मला बघून. म्हणतेय, अण्णा, गाडी कुठं विसरलात? हिला काय सांगू?”

पवित्रा हसली. “सांगा, गाडी धुवायला दिलीय!”

“अरेच्चा, माझाच आवाज माझ्या कानात! पवित्राक्का, हे कसं होतं हो?”

डाव्या बाजूनं सिद्धी काहीतरी विचारत होती. पवित्राला तिचे हलणारे ओठ तेवढे दिसले. नेहमीसारखी मान डोलवावी, असं क्षणभर वाटलं. मग टेबलावरची दोन बटणं दिसली. तिनं काच वर केली.

“सिद्धी, त्या बाजूनं नको बोलूस. तो कान ऐकत नाही. लहानपणापासून.”

सिद्धी बघतच राहिली. “म्हणजे त्या दिवशी… वेडी आहेस का? आधी सांगायचं ना! माझी गाडी सतत त्याच बाजूला असते.” ती तिला वळसा घालून उजवीकडं आली. “आता?”

“आता ऐकू येतंय.”

“उद्या पाचला निघायचं. मी या बाजूनं.”

कानात अजून कृष्णाजी बोलत होते. बसथांबा आला, नारळवाला आला, पुढं कुठं थांबू तेवढं सांगा. दोघींनी त्यांना थांबवलं नाही. गळ्यात टेप, डोक्यावर चकचकीत हेल्मेट, हातवारे करत मेन रोडवर चालत जाणारा तो माणूस गर्दीत दिसेनासा होईपर्यंत दुकानाच्या दारातून त्या दोघी आणि पलीकडून अनुसूया फुलवाली, तिघीजणी बघत राहिल्या.