जनरेटरवाल्याची शांतता

आमच्या शूटिंगवरचा जनरेटरवाला नुसतं "चहा झाला का?" विचारायचा, तरी झाडावरची पाखरं उडायची. सगळी उमर इंजिनाशेजारी गेलेली. हळू बोलणं त्याला जमायचंच नाही. मी कपडेपट सांभाळायचो आणि त्याच्याच जनरेटरच्या गाडीतून जायचो, त्यामुळं कानठळ्या रोजच्याच.

जनरेटर मात्र तो केबल पुरेल तितका लांब लावायचा. मग सेटवर येऊन कान टवकारायचा, घरघर येतीय का म्हणून.

येडशीजवळ एका घरात शूटिंग होतं. मेलेल्या आईच्या उशाशी नायिका गप्प बसते, एवढाच सीन. ऐन वेळी वारं फिरलं आणि जनरेटरची घरघर आत आली. दिग्दर्शक म्हणाला, "राहू द्या, वरून म्युझिक टाकू."

हा खवळला. "म्युझिक? त्या पोरीची माय मेलीय! बसू द्या की तिला गप!"

भर उन्हात त्यानं गाडी टेकाडामागं नेली आणि सगळी केबल नव्यानं ओढली.

पुढं सिनेमा धाराशिवला लागला, तेव्हा आम्ही दोघं शेजारी बसलो होतो. तो सीन आला. म्युझिक नव्हतंच. थिएटर चिडीचूप. तेवढ्यात हा दोन्ही हात वर करून उभा राहिला आणि गरजला, "हाय का आमचा आवाज? न्हाय!"

चारी बाजूंनी लोक त्याच्यावर खेकसले, "ए, गप बस की!"

तो खाली बसला. तोंडभर हसत मला म्हणाला, "बघ, लोकास्नी म्युझिक नकोच हुतं!"