नाना या वेळी सिनेमाला आले नाहीत

मित्रांनो, त्या गाजलेल्या हेरपटाच्या नव्या भागावर मी शुक्रवारी इथेच लिहिलं होतं, "हिरो म्हातारा झालाय. धावताना केविलवाणा दिसतो. आता त्याने घरी बसावं." तुम्ही भरपूर हसलात. मीही खुशीत होतो.

असोद्याचे माझे काका, नाना, सत्तरीला आलेत. या सिनेमाचा प्रत्येक भाग आम्ही दोघांनी माझ्या मोटरसायकलवर जळगावला जाऊन पाहिलाय. हिरोने उडी मारली की ते माझा गुडघा गच्च धरतात. या वेळी मात्र सगळ्यांच्या आधी पोस्ट टाकायच्या घाईत मी एकटाच पाहून आलो.

आज दुपारी दोन तिकिटं काढून त्यांना आणायला गेलो. नाना ओट्यावर बसले होते.

"मले नई यायचं, भो."

"का हो नाना?"

"तूच लिहिलं ना, म्हाताऱ्यानं घरी बसावं. नातीनं वाचून दाखवलं मले."

"अहो, ते हिरोबद्दल होतं!"

"तो माह्यापेक्षा लहान आहे," म्हणत नाना आत गेले.

काकू हळूच म्हणाली, "शुक्रवारी सकाळपासून इस्त्रीचा शर्ट घालून तुझीच वाट पाहत व्हते."

मी एकटाच गेलो. हिरोने गच्चीवरून उडी मारली आणि माझा हात आपोआप गुडघ्यावर गेला. उडी खरंच भारी होती. तेवढं मी लिहिलंच नव्हतं.

पोस्ट आत्ताच काढून टाकलीय. उद्या पुन्हा असोद्याला जातोय. ओट्यावर बसून नानांना आधी काय म्हणू, सांगता का कुणी?