घुगऱ्यांचं पातेलं

दुपारचं जेवण करून हौसाक्का सोप्यात कलंडते. आत्ताच तिने पुतण्याला, दत्तूला, दारातूनच परत धाडलंय. त्याच्या आईचं, म्हणजे हौसाक्काच्या धाकट्या जावेचं, उद्या तेरावं.

"मोठ्याई, तुम्ही थोरल्या. उद्या तरी या."

"जितेपणी जिचं तोंड बघितलं नाही, तिच्या फोटोला हार घालू व्हय?" असं ऐकवून तिने पदर तोंडावर ओढलाय. पदराचं सूत विरत जातं आणि पलीकडं बेदाण्याची शेड दिसते. अनशी, तीच धाकटी जाऊ, काड्या निवडत बसलीय. नवी नवरी होती तेव्हाची. हौसाक्काचे गुडघे मात्र आजचेच.

सवयीने हौसाक्का शेडच्या कडेला बांधलेल्या म्हशीकडं तोंड करते. अबोला धरल्यापासून दोघी जावा अशाच, म्हशीला सांगत, बोलत आल्या. "सांग गं म्हशे तिला, मेली तरी माझी पाठ सोडंना म्हणावं."

"आता तरी म्हस मधी कशाला, आक्का?" अनशी हसते.

"मग सरळच इचारते. माझ्या लेकाच्या बारशाच्या घुगऱ्या धाडल्या, तर पातेलं रिकामं आलं. चिमूटभर साखर टाकाय हात झडला हुता? तान्ह्याच्या घरात रिकामं भांडं!"

शेड आता परसातली मोरी आहे. दोरीवर ओली वाकळ. खाली लालसर पाणी ठिबकतंय.

"वळखलीस? त्याच सकाळी धूत हुते. तू बघितलंस आन् आत गेलीस."

"मला वाटलं..."

"काय वाटलं?"

काहीतरी घडलंय एवढं तेव्हाच कळलं होतं. विचारायला गेलं तर थोरलेपणाला कमीपणा आला असता.

"तिसऱ्या महिन्यात गेलं, आक्का. त्या विटाळाच्या हातची साखर तुझ्या बाळाला धाडू?"

"सांगायचं न्हाईस?"

"बारशाच्या घरात? म्हटलं, निवांत सांगीन. तवर तू नळावर बोलून मोकळी."

नळ तिथंच आहे. बायका घागरी लावून उभ्या. हौसाक्काला स्वतःचाच तरणा, खणखणीत आवाज ऐकू येतो, "जशी कूस तसं भांडं! रिकामं!" बायका फिदीफिदी हसतात. त्या आवाजाचं तोंड दाबावं म्हणते, तर हात उचलत नाही. जन्मभर न अडलेली जीभ टाळ्याला चिकटते.

"मला ठावं नव्हतं गं, अनशे."

"इचारलं न्हाईस." अनशी तिचं मनगट धरते. "मी गेल्यापासून माझी सून एकली पडलीय. तिच्याशी तरी नीट बोल." पकड आवळते, पाटली रुतते.

डोळे उघडतात, तर ऊन उंबऱ्याशी आलंय. मनगटावर पाटलीचा लाल वळ, ताजा. हौसाक्का पदराने तो झाकू बघते, मग राहू देते. भिंतीपलीकडं दत्तूची बायको भांडी घासतेय.

"पोरी," ती हाक मारते. हाक भांड्यांच्या आवाजात बुडते. घसा खाकरून ती परत हाक मारते.