स्फोट लांब गेले तेव्हा

पुण्यात गॅमा किरणांच्या स्फोटांवर पीएच.डी. करत होते, तेव्हाच्या एका मे महिन्यातली ही गोष्ट. प्रबंध अर्ध्याहून जास्त लिहून झाला होता आणि उरलेला शांतपणे लिहावा म्हणून मी झाशीला, प्रेम नगरातल्या आमच्या घरी आले होते. मे महिन्यात झाशीला शांतपणे काही करायला जाणारी मी एकटीच असेन. बाहेर लूचा भाजणारा वारा, आत कूलरची घरघर, आणि बत्ती गेली की तीही नाही.

त्यात घरातली माणसं. बाबा रेल्वेच्या कचेरीतून निवृत्त झालेले. आत्या आमच्याकडेच राहायची. माझा विषय ‘ताऱ्यांचं काहीतरी’ एवढाच तिच्या डोक्यात बसला होता आणि तो तिनं गल्लीभर सांगितला होता. शेजारच्या बायका मला हात दाखवायला येत. खगोलशास्त्र आणि ज्योतिष यांतला फरक मी हिंदीत समजावून सांगे. त्या मान डोलवत आणि दुसरा हात पुढे करत.

बाबांनी मात्र विषय नीट समजून घेतला होता. आकाशात कुठूनही, कधीही गॅमा किरणांचा एक झोत येतो, बघता बघता विझतो आणि त्या जागी पुन्हा दिसत नाही. चोरून केलेल्या अणुचाचण्यांवर पाळत ठेवायला सोडलेल्या उपग्रहांना तो पहिल्यांदा सापडला. तेव्हापासून भांडण एकच, हे स्फोट होतात कुठे? काहींच्या मते फार फार दूर, दुसऱ्या दीर्घिकांमध्ये. आमच्या सरांच्या मते आपल्याच आकाशगंगेच्या भोवती, तिथे भिरकावल्या गेलेल्या न्यूट्रॉन ताऱ्यांवर. माझा अर्धा प्रबंध त्यावर उभा होता. सीपरी बाजारातल्या चहाच्या दुकानात बाबांनी हे इतक्या वेळा सांगितलं होतं की तिथले लोक मला थांबवून विचारत, "क्यों बिटिया, पास ही हैं ना?"

एका दुपारी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवाल्यानं हाक मारली. पुण्याहून सरांचा फोन होता. आमच्या घरी फोन नव्हता. मी डोक्यावर ओढणी घेऊन धावले.

"एका स्फोटाचं अंतर मिळालं," सर म्हणाले आणि लाइन तुटली.

पुन्हा घंटी वाजेपर्यंत मी त्या डब्यात घामानं निथळत उभी. बाहेर दोन माणसं आपला नंबर यायची वाट बघत माझ्याकडे टक लावून होती.

"अंतर कसं मिळालं?" मी फोनवर ओरडले. ओरडल्याशिवाय ऐकू जात नव्हतं.

"स्फोटानंतर त्या जागी मंद प्रकाश दिसला. मोठी दुर्बीण लावली. वर्णपटात वाटेतल्या वायूच्या रेषा मिळाल्या आणि त्या तांबड्याकडे चांगल्याच सरकलेल्या आहेत. अब्जावधी प्रकाशवर्षं, कमीत कमी."

"म्हणजे आपलं सगळं संपलं का?"

"न्यूट्रॉन ताऱ्यांचं आपलं गणित संपलं. तू ये, मग बोलू." लाइन पुन्हा तुटली, ती तुटलीच.

बूथवाल्यानं पाणी पुढे केलं. "कौन था, बिटिया? उमर कितनी थी?"

कोणी गेलेलं नाही, हे मी त्याला दोनदा सांगितलं. मी घरी पोचेपर्यंत बातमी माझ्या आधी पोचली होती. आत्या दारात उभी. "आधी अंघोळ कर. कशाला शिवू नकोस. कोण गेलं गं पुण्यात?"

"माझा प्रबंध गेला," मी म्हणाले आणि तिथेच पायरीवर बसून रडले. आत्यानं मला अंघोळ करायला लावलीच.

बाबांना संध्याकाळी जेवताना सगळं सांगितलं.

"मी सगळ्यांना जवळ आहेत म्हणून सांगून बसलोय," ते म्हणाले.

"मग आता लांब आहेत म्हणून सांगा."

"असं कसं? तू चुकलीस का?"

"बाबा, आमचा अंदाज होता. मोजमाप आता झालं."

"मग मोजायच्या आधी लिहीत कशाला होतात?"

याला उत्तर होतं, पण त्या उकाड्यात ते द्यायचं त्राण माझ्यात नव्हतं. मी ताटावरून उठले. ते मात्र दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे चहाला गेले. मी भाजी आणायला निघाले होते तेव्हा दुकानातून त्यांचा आवाज ऐकू आला. "नहीं भाई, अब नाप आ गया है. बहुत दूर हैं. लड़की ने ख़ुद बताया." कोणीतरी हसलं. बाबा हसले नाहीत. त्यांनी वायूच्या रेषांपासून पुन्हा सुरुवात केली.

पुण्याला गेल्यावर सरांनी अर्धा प्रबंध बाजूला काढला. स्फोट साऱ्या आकाशात सारखे विखुरलेले आहेत, हा भाग टिकला. उलट लांबच्या अंतराशी तोच जुळत होता. बाकीचं मी पुन्हा लिहिलं. इतक्या लांबून दिसायला केवढी ऊर्जा लागेल, आणि अजस्र तारा कोसळताना ती कुठून येईल, यावर. पदवी उशिरा मिळाली. दरम्यान दोन स्थळं परत गेली आणि आत्या त्याचा दोष आजतागायत त्या फोनला देते.

नंतर झाशीतल्याच एका कॉलेजात मला नोकरी लागली. हा विषय मी दरवर्षी शिकवते. अंतर कसं सापडलं ते फळ्यावर काढून दाखवते, खडू मोडेपर्यंत. मग शेवटच्या बाकावरून प्रश्न येतो, "मैडम, ये परीक्षा में आएगा?" येत नाही. मी शिकवत राहते.