देवीने कौल दिला नाही तेव्हा

माझा देवीवर विश्वास होता असं मी म्हणू शकत नाही. मुंबईला मामांकडे राहून मी इंग्रजी शाळेत शिकले. तिथली सकाळची प्रार्थना ओठांनी म्हणायची आणि सुट्टीत गावी आले की आईच्या मागे देवळात उभं राहायचं, दोन्हीकडे मन कोरडंच. माझं एकच मागणं होतं आणि ते देवापेक्षा कचेऱ्यांकडे जास्त होतं. माझ्या बाबांचं काय झालं, एवढंच मला हवं होतं.

लढाईच्या काळात बाबा बोटीवर आगवाला होते, म्हणजे बोटीच्या पोटात बसून बॉयलरला कोळसा घालायचा. बोट बुडाली एवढंच कळलं. कोण वाचले, कोण गेले, ते कुणी सांगितलं नाही. मी तेव्हा फार लहान होते. मोठी झाल्यावर, मला इंग्रजी येतं म्हणून, घरच्यांनी ते काम माझ्यावर टाकलं. मी मुंबईच्या ऑफिसांना लिहिलं, अलिबागच्या कचेरीत बाकावर बसून राहिले, लढाईवरून परतलेल्या माणसांच्या दारात गेले. अनोळखी माणसाशी बोलायला मला जड जातं, तरी गेले. सगळ्यांचं उत्तर एकच, माहिती नाही.

आई कुंकू लावत राहिली. बारा वर्षं उलटली, माझ्या लग्नाची बोलणी सुरू झाली, तेव्हा काकांनी विषय काढला. इतकी वर्षं पत्ता नसलेल्या माणसाचा दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात; तो विधी आता करून घ्यावा, गेलेला जीव ताटकळत ठेवून घरात मंगल कार्य करू नये, असं त्यांचं म्हणणं. आई शांतपणे म्हणाली, "देवीनं सांगितलं तर कुंकू पुसते. माणसांच्या सांगण्यानं न्हाय."

म्हणून आम्ही कौल लावायला गेलो. गुरवाने देवीच्या दोन्ही खांद्यांवर फुलाची एकेक ओली कळी चिकटवली आणि गाऱ्हाणं घातलं, "आई, घरधनी गेला असंल तर उजवी दे, जिता असंल तर डावी दे." आणि कुठली कळी आधी गळून पडते ते बघत आम्ही बसलो. दिवा तेवत होता, गाभाऱ्यात तेलाचा कुबट वास होता. कळ्या हलल्या नाहीत. ऊन पायरीवर आलं, तरी नाहीत. काका वैतागून पुटपुटले, "देवीबी कचेरीत नोकरीला लागली वाटतं. उत्तरच देईना!" गुरव हसला, मग आईकडे बघून दिव्यात तेल घालू लागला. आईची पापणीही हलत नव्हती. मला ते बघवेना. पाणी आणते म्हणून तांब्या घेऊन मी बाहेर विहिरीवर आले.

पारावर एक म्हातारे मुसलमान गृहस्थ बसले होते. त्यांच्या वहाणेचा अंगठा तुटला होता. बोर्लीच्या बाजाराला निघालेले. रोज खाडीकाठाने जातात, पण भरतीचं पाणी वाटेवर चढलं म्हणून इकडून आले. त्यांनी पाणी मागितलं. मी ओंजळीत ओतलं.

"कुणाची गो तू?" त्यांनी विचारलं.

एरवी मी काकांचं नाव सांगून सुटते. त्या दिवशी का कोण जाणे, बाबांचं सांगितलं. बोटीवर आगवाला होते, हेही. बोटीचं नाव ऐकताच त्यांनी ओंजळ खाली केली.

"मी सारंग होतो तिच्यावर, खलाशांचा मुकादम. तुझ्या बाबाची करंगळी अर्धी होती काय?"

मला ते माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी ज्यांना शोधत होते, त्यांचा हात कसा होता हे मला माहीत नव्हतं. मी आईला हाक मारून तेच विचारलं.

आई देवळाच्या दारातच थांबली. "डाव्या हाताची," ती म्हणाली. "भात कापताना विळ्यानं गेली."

मग त्यांनी सांगितलं. बाबा भाजलेल्या अंगाने वर आले, यांच्याच होडीत चढले, आणि दुसऱ्या दिवशी गेले. "आमी त्याला भाऊच म्हणायचो, वैनी. गाव विचारायचा राहूनच गेला. नायतर आलो असतो. देवीचं नाव घेत होता. मला तुमचा मंतर येत न्हाय, म्हणून मी माझी दुवा म्हणली. मग दर्यात सोडला."

आईने एकच विचारलं. "पाणी मिळालं त्यांना?"

त्यांची नजर आईवरून सुटून माझ्या हातातल्या तांब्यावर आली. "मिळालं, वैनी," ते म्हणाले. "पोटभर."

आईने त्यांना वाकून नमस्कार केला आणि आत जाऊन गुरवाला सांगितलं, "कळ्या काढा. आता विचारायचं न्हाय."

विधीच्या दिवशी अंगणात दर्भाचा पुतळा निजवला होता, डोक्याच्या जागी नारळ. घरच्या प्रत्येकाने तोंडात पाणी घालायचं. आईची पाळी आली. ती ओतत राहिली. भटजी म्हणाले, "पुरे हो." ती थांबली नाही. दर्भ भिजले, जमिनीवर ओघळ गेला, तांब्या रिकामा झाला, तिने दुसरा मागवला. तेव्हा मला कळलं, त्या म्हाताऱ्या गृहस्थांची तांब्याकडे वळलेली नजर आईनेही पाहिली होती.

आम्ही दोघी त्याबद्दल कधी बोललो नाही. मी त्या वृद्ध गृहस्थांच्या गावी जाऊन खरं काय ते विचारू शकले असते. शोधायची सवय होती मला. गेले नाही. देवीने कौल रोखून आम्हाला तिथे बसवून ठेवलं, की भरतीनेच त्यांची वाट बदलली, हेही मी उकलत बसत नाही. जेवढं द्यायचं तेवढं त्या माणसाच्या हातून तिने दिलं, आणि जे त्यांनी दयेने झाकलं ते झाकलेलंच राहू द्यावं. आता देवळात गेले की काही मागत नाही, विचारत नाही. डोकं टेकवते, आणि ज्यांनी माझ्या बाबांसाठी परक्या शब्दांत प्रार्थना केली, त्यांना बरं ठेव, एवढंच म्हणते.