बूढापाऱ्यात संविधान शिकवताना

रायपूर स्टेशनवर उतरले तेव्हा माझ्या बॅगेत साड्या कमी आणि परदेशी संविधानं जास्त होती. तिथल्या एका विधी महाविद्यालयात पहिल्या वर्षाच्या मुलांना आपलं संविधान इतर देशांच्या शेजारी ठेवून शिकवायचं होतं. न्यायला मनोहरकाका आले होते. मूळचे वर्ध्याकडचे, रेल्वेतून निवृत्त, आता तिथल्या आपल्या जातसमाजाचे अध्यक्ष. "मॅडम, कायदा लयच जड झाला दिसते," म्हणत त्यांनी बॅग स्कूटरवर चढवली.

माझा मुक्काम त्यांच्याच घरी होता, बूढापाऱ्यात (पारा म्हणजे वस्ती). काकूंनी गरम फरा (तांदळाचे वाफवलेले मुटके) वाढले, सोबत झुणका. मी लाजबीज न बाळगता आडवा हात मारला. हात धुवायला बाहेर आले, तर शेजारच्या ओट्यावरून एका मुलीनं नमस्कार केला. मी काही बोलणार, तोच काकूंनी दंडाला धरून मला आत घेतलं. ऊन लागेल म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी वर्गात तीच मुलगी, पल्लवी, पहिल्या बाकावर होती. मी सांगत होते की आपले मूलभूत हक्क बहुतांशी सरकारविरुद्ध मागता येतात. दक्षिण आफ्रिकेचं संविधान मात्र काही बाबतींत साध्या माणसालाही बांधतं. ती उठली. घरी मराठी असली तरी तिथली तरुण मुलं उत्तर हिंदीतच देतात.

"मैडम, किस देश के संविधान में लिखा है कि पड़ोसी काठी (अंत्ययात्रा) में आएँ?"

मला आधी गंमत वाटली. मग तिनं सांगितलं. भावानं जातीबाहेर लग्न केलं म्हणून समाजानं त्यांचं घर वाळीत टाकलं होतं. आजी अंथरुणाला खिळलेली, आणि खांदा द्यायला कुणी येणार नव्हतं. हे ठरवलं कुणी, मी विचारलं. मनोहरकाकांनी. सकाळी त्यांच्याच घरचा चहा पिऊन आले होते.

तास संपल्यावर मी तडक पल्लवीच्या घरी गेले. आजींनी माझा हात धरून विचारलं, "मनोहर आला का?" काकांची आई लवकर गेली, तेव्हा याच बाईनं त्यांना जेवू घालून वाढवलं होतं. आजींना खांदा हवा होता तो त्यांचाच.

चहा घेऊन परतले, तर माझी बॅग काकांच्या ओट्यावर. कपडे नीट घड्या घातलेले आणि वर प्रवासासाठी डबासुद्धा.

"तुमच्यावर राग नाही मॅडम," काका म्हणाले. "पण तुमी तिथं चहा पेल्या. तिथं पानी पेलं त्याले घरात घेता येत नाही."

आणि आजी, मी विचारलं. त्यांचे डोळे भरून आले. "तिच्या हातचं खाऊन मोठा झालो मी. पण अध्यक्षच नेम मोडून राहिला, तर बाकीच्याइले काय सांगू?"

उरलेले दिवस शंकर नगरातल्या लॉजवर काढले. निघताना पल्लवीला म्हटलं, तक्रार कर, मी मदत करते. आमच्या महाराष्ट्रात तर याविरुद्ध वेगळा कायदाच आहे. ती नाही म्हणाली. "केस किया तो काका कभी नहीं आएँगे।"

घरी परतल्यावर थोड्याच दिवसांत तिचा निरोप आला. आजी गेली. खांदा वर्गातल्या मुलांनी दिला. काका गल्लीच्या तोंडाशी चपला काढून उभे होते, तिरडी दिसेनाशी होईपर्यंत.

हक्क सरकारविरुद्ध मागायचे, असं मी इतकी वर्षं शिकवत आले. त्या गल्लीत काकांची वाट कुठल्याच सरकारनं अडवली नव्हती.