कांडी संपेपर्यंतचं राज्य

सत्तर सालाच्या पुढची काही वर्षं मी सोलापुरात एका चादरीच्या कारखान्यात मागावर होतो, आणि त्यातली तीन वर्षं मी राजा होतो. खोटं सांगत नाही. सांगायची मला गरज नाही.

आमच्या शेडमध्ये वीस यंत्रमाग एकदम चालायचे. त्या खडखडाटात शेजारच्यानं कानाशी तोंड आणून बोललं तरी ऐकू येत नसे, म्हणून आम्ही सगळे ओठ वाचायचो. शाळेत मी तिसरीपर्यंत गेलेला माणूस. पुस्तक वाचताना आजही अडखळतो, पण शेडच्या त्या टोकाला कोण कुणाला काय म्हणाला ते मी बसल्या जागी सांगत असे.

माझ्या समोरच्या मागावर अक्कलकोटकडचा एक कानडी गडी होता. वयानं मोठा, म्हणून मी त्याला अण्णा म्हणायचो. आम्हा दोघांचा एक खेळ होता. डोक्यावरून हात फिरवला की राजा. टॉवेल नाकावर ओढला की दरोडेखोर. धोटा म्हणजे आडवं सूत घेऊन मागावर इकडून तिकडं पळणारी लाकडी नाव; त्यातली सुताची कांडी संपली की माग थांबतो आणि नवी कांडी घालावी लागते. ती घालता घालता ज्यानं त्यानं हातवाऱ्यांनी आपला डाव करायचा, मग माग चालू, आणि समोरच्याची कांडी संपेपर्यंत वाट बघायची. अण्णा खजिना फोडायचा. दहा मिनिटांनी मी त्याच्यामागं घोडा घालायचो. आणखी दहा मिनिटांनी तो घोडाच पळवायचा. अशी ती गोष्ट महिनोन्महिने चालायची. कडक नियम एकच होता, एकदा केलं ते मागं घ्यायचं नाही. वाद झालाच तर निवाडा अक्का करायची. अक्का म्हणजे भरलेल्या कांड्यांची टोपली घेऊन मागामागांतून फिरणारी तेलुगू बाई. तिच्यापुढं आमच्यावरचे मुकादम, जॉबरसुद्धा बोलत नसत.

तीन वर्षं राजा मीच, दरोडेखोर अण्णाच. मी त्याला झाडाला बांधला, नाक घासायला लावलं, गाढवावर बसवून वेशीबाहेर काढला. तो हसत हसत सगळं सोसायचा. कांड्या भरणाऱ्या बाया मला राजे म्हणायच्या, आणि ते मला आवडायचं.

एका शनिवारी चहाच्या गाड्यावर अण्णा म्हणाला, "सोमवारपासनं मी राजा होतो. तू दरोडेखोर हो."

"का?"

"माझा जावई लागतोय आपल्या शेडात. तिसऱ्या मागावर. लग्न होऊन दोन महिने झालेत बघ. त्याच्यासमोर तू मला गाढवावर बसवणार काय?"

"अण्णा, जावई तुमचा. त्यापायी मी राज्य सोडू व्हय?"

"आठ दिवस रे. पुन्ना घे की तुझं राज्य."

"आमच्या घरात चोऱ्या कुणी केल्या न्हाईत. मला जमायचं न्हाई."

अण्णानं बशीतला चहा तसाच ठेवला. "माझ्या घरात केल्या होत्या काय?" एवढंच म्हणाला आणि आत गेला.

सोमवारी जावई आला. सडपातळ पोरगा, मान खाली घालून काम करणारा. सासऱ्याकडं बघायचीसुद्धा त्याला चोरी. माझी कांडी संपली तसा मी डोक्यावरून हात फिरवला. अण्णानं बघितलं न बघितल्यासारखं केलं. त्याची कांडी संपली, त्यानं नवी घातली आणि माग सुरू केला. मंगळवारी तेच. बुधवारीही तेच. चहालाही तो दुसऱ्या गाड्यावर जायला लागला. मी म्हटलं, जाऊ दे, मला काय. पण दिवस सरेना. राजा होऊन करणार काय, पकडायला कुणी नाही.

शनिवारी अक्का टोपली घेऊन आली. माझ्या कांड्या ठेवल्या आणि ओठांनी म्हणाली, "राजे, राज्य कसं चाललंय?"

मी म्हणालो, "बरं चाललंय."

"चालणारच की. कुणी न्हाईच राज्यात."

हसली नाही. पुढच्या मागाकडं निघून गेली.

मी हट्टी माणूस आहे. रविवारची सुट्टी त्या हट्टातच घालवली. सोमवारी पहिली कांडी संपली तेव्हा मी टॉवेल नाकावर ओढला.

अण्णानं बघितलं आणि माग सुरू केला. दुसऱ्या कांडीला मी त्याचं धान्याचं कोठार फोडलं. तिसऱ्या कांडीला मी त्याचा घोडा पळवला, आणि वरून त्याच्याच घोड्यावर बसून त्याच्याच वाड्यापुढनं दोन फेऱ्या मारल्या. तेव्हा अण्णानं हळूच डोक्यावरून हात फिरवला आणि कंबरेची नसलेली तलवार उपसली.

खरं सांगतो, मला लई मजा आली. राजाला दिवसभर दुसऱ्यानं काही करायची वाट बघावी लागते. दरोडेखोराला मन मानेल ते करता येतं. चार दिवस मी त्या राज्याची धूळधाण केली. पाचव्या दिवशी अण्णानं मला नदीच्या पाण्यात गाठून धरला आणि गळ्यावर बोट फिरवून फाशी सांगितली.

माझी कांडी संपली. नवी घालून मी धोट्याच्या भोकातून तोंडानं सूत ओढत होतो, ते ओठांत तसंच धरून म्हणालो, "सोड की बाबा, लई झालं."

अण्णाचा हात हवेतच राहिला. ब काय आणि म काय, ओठ मिटूनच निघतात, आणि दिसायला दोन्ही सारखेच. त्यानं वाचलं, "सोड की मामा." आणि आमच्याकडं मामा म्हणतो तो सासऱ्याला जावई.

मी मान हलवून सांगितलं, "बाबा, बाबा." ते पुन्हा मामा, मामाच दिसलं. सगळी लाईन हसायला लागली. आवाज मागांचाच, फक्त दात दिसत होते. अक्का टोपली घेऊन मागांमधूनच येत होती, मी तिच्याकडं बघितलं. तिनं टोपली खाली ठेवली आणि मान हलवली. केलं ते मागं घ्यायचं नाही.

तेवढ्यात तिसऱ्या मागावरची कांडी संपली. बारा दिवसांत ज्यानं मान वर केली नव्हती, पण डोळ्याच्या कडेनं सगळा खेळ बघितला होता, तो जावई सासऱ्याकडं बघत उभा राहिला. थोडा विचार केला, टॉवेल नाकावर ओढला आणि माझ्याकडं बोट दाखवून सावकाश म्हणाला, "मामा, थोरला जावई मी. हा धाकटा."

कांडी संपली नसताना अण्णानं माग थांबवला. तीन वर्षांत असं कधी झालं नव्हतं. आपला टॉवेल काढून माझ्या खांद्यावर टाकला, डोक्यावरची टोपी काढून जावयाच्या डोक्यावर ठेवली. फाशी रद्द, दोघांना आहेर. अक्कानं मान डोलावली.

भोंगा झाला तसे ते दोघे एका सायकलीच्या दोन बाजूंनी चालत फाटकाबाहेर पडले. मी मागं होतो.

"पण मामा," जावई विचारत होता, "धाकट्याला असा रिकामा सोडलात तर तो पुन्ना घोडा न्हेणार की."

"न्हेतो बघ," अण्णा म्हणाला. "त्याला लई हौस हाय. म्हणून उद्या तू माझा सेनापती."

मी चाल हळू केली. त्यांचं बोलणं चालू होतं, आणि मला घोड्याचा विचार करायचा होता.